पंख धरणारे हात

पॅरिस, १८३७. निसर्गेतिहास संग्रहालयात तुम्ही मेजापाशी उभे आहात आणि मद्यार्काचा वास नाकात शिरतोय. समोर वीतभर लांबीचा एक सरडा आहे, त्यातली निम्म्याहून जास्त शेपूटच. मलबार किनाऱ्यावरून तो इथवर आणला बोर्दोच्या ज्याँ-जाक द्युस्युमिये या जहाजमालक व्यापाऱ्याने. द्युमेरिल आणि बिब्रों हे दोघे शास्त्रज्ञ या जातीला त्याचंच नाव देत आहेत: ड्रॅको डुसुमिएरी. कुशीतली कातडी ताणली की तिला आधार देणाऱ्या, बाहेर लांबलेल्या पाच-सात बरगड्या दिसतात. वर्णन चोख होणार आहे. पण मेलेल्या सरड्याचे हात जिथे ठेवाल तिथेच राहतात.

म्हणून काही वर्षं मागे चला, थेट मलबारला.

जंगलाला लागून पोफळीची बाग. ऊन नुकतंच खोडांवर आलंय. तुम्ही एकाच खोडाकडे बघत राहता आणि तिथे काहीच नसतं. मग सालीचाच एक तुकडा हलतो. त्याच्या गळ्याखालून लिंबासारखा पिवळा, टोकदार पडदा पुढे येतो, मिटतो, पुन्हा उघडतो. हा नर आहे, आणि हे झाड आपलं असल्याचं तो सांगतोय. खोडावरून मुंग्यांची रांग चाललीय. तो जागचा फारसा हलत नाही. मुंगी टप्प्यात आली की उचलतो, पुन्हा वाट बघतो. शेजारच्या झाडावर दुसरा नर उतरतो मात्र, हा सरसर वर चढतो आणि डोकं खाली करून स्वतःला हवेत झोकून देतो.

आता हातांकडे बघा! पण जमत नाही. पंख उघडलेले दिसतात, शेपूट वळते, आणि तो पलीकडच्या खोडावर, डोकं वर करून, चिकटलेलाही असतो. बरगड्या पसरल्या, पंख उघडले, सरडा तरंगला: पुढे कित्येक दशकं पुस्तकांत एवढंच येत राहिलं, त्याचं नवल वाटायला नको.

आता कर्नाटकातल्या आगुंब्याला या. जे. मॅक्सिमिलियन डेलिंग हे जर्मन संशोधक याच जातीच्या उड्यांचे फोटो काढतायत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात गोष्ट उलगडते. झेप घेतल्यावर सरडा हात मागे नेतो, मनगट वळवतो आणि पंखाची पुढची कड पंजात पकडतो. पंख ताणून धरायला बरगड्यांच्या जोडीला हात असतात. खोड जवळ आलं की कड सोडतो आणि तेच हात पुढे करून साल पकडतो. नामकरणाला तोवर १८० वर्षं झाली होती. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की उत्तर सापडलं ते जिवंत प्राणी त्याच्या रानात पाहिल्यावर.

गोव्यातल्या मोलेच्या जंगलात आणि कुळागरांतही हाच उडता सरडा राहतो. तिथे तुम्हाला मादी जमिनीवर भेटली, तर बहुधा ती अंडी घालायला आलेली असेल. एरवी ती सहसा खाली उतरत नाही. नाकाडाने माती उकरून ती मोजकीच अंडी घालते, ती बुजवते, थोडा वेळ तिथे थांबते आणि मग जवळचं खोड गाठते. पिल्लांना पुढे मुंग्याही आपल्या आपणच शोधायच्या असतात.