नाकारलेलें हस्तलिखित

होतकरू लेखकांची पत्रें आमच्याकडे नेहमीं येत असतात. प्रत्येकाचें अक्षर निराळें, गांव निराळें. परंतु प्रश्न बहुधा एकच असतो : लिहिलेलें परत येतें, आतां काय करावें? ह्यास उत्तर म्हणून उपदेशाचीं दहा कलमें लिहून देणें सोपें आहे. मजकूर सुवाच्य असावा, तो दोनदां तपासावा, ज्या मासिकाकडे पाठवावयाचा त्याचे चार अंक आधीं वाचावे, हीं कलमें खोटीं नाहींत. पण ज्याचें मन खचलें आहे त्याचें समाधान त्यांनीं होत नाहीं. म्हणून आज आम्ही एका परत आलेल्या हस्तलिखिताचा इतिहास सांगणार आहों. त्यांतून निघणारा बोध आजच्या लेखकासहि उपयोगीं पडेल असें आम्हांस वाटतें.

पेशवाईंत पुण्यास श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची चाल होती. राज्य गेल्यावर इंग्रज सरकारनें ती कमी प्रमाणांत पुढें चालविली. १८४९ सालीं पुण्यांतील कांहीं सुधारणावादी तरुणांनीं सरकारास अर्ज केला कीं, ह्या पैशांतील कांहीं भाग मराठींत चांगले ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा. अर्जावरून शहरांत मोठें वादळ उठलें. त्या वेळीं ह्या तरुणांच्या पाठीशीं जे उभे राहिले त्यांत जोतीराव फुले होते. पुढें दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली व ती ग्रंथ पाहून बक्षिसें देऊं लागली. ज्या काळीं पुस्तक विकत घेणारा वाचकवर्ग फारसा तयार झाला नव्हता, त्या काळीं ग्रंथकारास हा आधार लहान नव्हता.

१८५५ सालीं जोतीरावांनीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें एक नाटक लिहिलें व तें ह्याच कमिटीकडे पाठविलें. एक गरीब कुणबी, त्याची गरोदर बायको, ग्रहांची भीति घालून त्यांस खर्चांत बुडविणारा जोशी, मधून मधून नेमकें बोट ठेवणारा विदूषक, आणि शेवटीं शाळेंत जाऊन शिकण्याचा त्या जोडप्याचा निश्चय, असें त्याचें कथानक आहे. कमिटीनें नाटक नाकारलें. कमिटींतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें ह्या नकाराचें कारण जोतीरावांनीं पुढें ‘गुलामगिरी’ ह्या ग्रंथांत दिलें आहे. ज्या दाराच्या उघडण्यासाठीं त्यांनीं स्वतः हातभार लाविला होता, तेंच दार त्यांस बंद झालें.

येथपर्यंतचा भाग पुष्कळांच्या अनुभवाचा आहे. विचार करण्याजोगा भाग येथून पुढें लागतो. जोतीरावांनीं तें पुस्तक बाजूस ठेविलें. पण त्यांतील विषय बाजूस ठेविला नाहीं. कांहीं वर्षांनीं तोच विषय त्यांनीं ‘ब्राह्मणांचें कसब’ ह्या पद्यरचनेंत पुन्हां मांडला व १८६९ सालीं तें पुस्तक स्वतःच्या पैशानें छापून काढिलें. त्याच सालीं शिवाजीमहाराजांवरील त्यांचा पोवाडाहि बाहेर पडला. हा रचनेंतील बदल आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. नाटकास रंगभूमि पाहिजे, नट पाहिजेत, खर्च पाहिजे. पद्य मात्र ज्यास अक्षरओळख नाहीं त्याच्याहि कानांवर पडूं शकतें, आणि ज्यांच्यासाठीं हें सर्व लिहावयाचें होतें त्यांतील बहुतेकांस वाचतां येत नव्हतें. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त जोतीराव व धोंडिबा ह्यांचा संवाद आहे, नाटककाराची बोलण्याची हातोटी तेथें पुन्हां कामास आली असें म्हणावयास हरकत नाहीं. लेखकानें आपला विषय सोडूं नये, पण त्याचा सांचा ज्याच्यासाठीं लिहावयाचें त्याच्याकडे पाहून बदलण्यास कचरूं नये, हा ह्या प्रकरणांतील पहिला धडा होय.

दुसरा धडा ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथाच्या इतिहासांत आहे. हा ग्रंथ १८८३ सालीं लिहून पुरा झाला. त्याचीं पहिलीं दोन प्रकरणें ‘दीनबंधु’ पत्रांत आलीं आणि पुढचीं छापण्याचें थांबलें. ह्या वेळचा नकार परक्यांचा नव्हता. स्वतःच्या चळवळींतील पत्राचा होता. अशा प्रसंगीं दुसरा एखादा लेखक लेखणी मोडून बसला असता. जोतीरावांनीं हस्तलिखित कांखेंत मारलें आणि मुंबई, पुणें, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं लोकांस तें वाचून दाखविलें. बडोद्यास सयाजीराव महाराजांपुढेंहि वाचलें. छापखान्यावांचून ग्रंथ लोकांपर्यंत नेण्याची ही रीति आपल्याकडे कीर्तनकार व पुराणिक ह्यांच्या काळापासून चालत आलेली आहे. तिच्यांत आणखी एक गुण आहे. श्रोते समोर बसले म्हणजे कोठें मान डोलते, कोठें जांभई येते व कोठें कोणी रागानें उठून जातो, हें लेखकास डोळ्यांनीं दिसतें.

आणि हीच खरी कसोटी होय. प्रत्येक परत आलेलें लिखाण ‘तृतीय रत्न’ असतें, असा कोणीं समज करून घेऊं नये. नकार दोन प्रकारचे असतात. एक लिखाणाच्या कच्चेपणाबद्दलचा, दुसरा त्यांतील आशय न रुचल्याबद्दलचा. नकाराच्या पत्रांत दोहोंची भाषा पुष्कळदां सारखीच असते, आणि आपला नकार दुसऱ्या प्रकारचा आहे असें मानणें लेखकाच्या मनास गोड वाटतें. ह्या भ्रमांतून सुटण्याचा उपाय एकच : ज्यांच्यासाठीं लिहिलें त्या चार माणसांस तें मोठ्यानें वाचून दाखवावें. तीं कंटाळलीं तर संपादकाचें बरोबर होतें असें समजून लिखाण पुन्हां हातीं घ्यावें. तीं खिळून राहिलीं तर दुसरें दार ठोठवावें.

कोणी म्हणेल, आजच्या लेखकास दारें ठोठविण्याचें कारण काय? मोबाईलवरून त्यास आपला मजकूर क्षणांत जगापुढें ठेवतां येतो. हें खरें आहे. परंतु नकार देणारा कोणी नसणें हें निर्भेळ सुख नव्हे. हरि नारायण आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढिलें व ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांतून क्रमशः दिली. दर आठवड्यास मजकूर देण्याच्या बांधिलकीनें त्यांच्याकडून विपुल लेखन करवून घेतलें, आणि मराठी कादंबरीस नवें वळण लागलें. पण त्याच हरिभाऊंच्या कांहीं कादंबऱ्या शेवटपर्यंत अपुऱ्याच राहिल्या. आपलें पत्र आपल्या हातीं असलें म्हणजे दुसऱ्याचा नकार टळतो. लिहिलेलें पुरें करण्याचा व नीट करण्याचा भार मात्र सर्वस्वीं आपल्यावर येतो. आजच्या लेखकाची स्थिति ह्याहून वेगळी नाहीं.

शेवटीं पुन्हां त्या नाटकाकडे येऊं. ‘तृतीय रत्न’ छापून प्रसिद्ध झालें तें १९७९ सालीं, म्हणजे लिहिल्यापासून १२४ वर्षांनीं. आज तें आरंभींच्या मराठी नाटकांतील एक महत्त्वाचें नाटक म्हणून अभ्यासिलें जातें. तें नाकारणारांचीं नांवें ज्यांस ठाऊक आहेत असे लोक आतां थोडेच असतील. पण ह्यावरून ‘काळ न्याय करितो’ असें म्हणून स्वस्थ बसण्यास आमचें मन घेत नाहीं. ज्या कुणब्यांसाठीं व त्यांच्या बायकांसाठीं तें लिहिलें, त्यांच्या तीन चार पिढ्या तें न वाचतां, न पाहतां निघून गेल्या. त्यांचें झालेलें नुकसान १९७९ सालच्या छपाईनें भरून येत नाहीं. संपादकांनीं व परीक्षकांनीं, आम्ही धरून, हें ध्यानांत ठेवावें. आणि लेखकांनीं एवढेंच करावें : हस्तलिखिताची एक प्रत जपून ठेवावी. ‘तृतीय रत्ना’चे कागद कोणीं तरी जपले, म्हणूनच त्या कुणबी जोडप्याचा शाळेस जाण्याचा निश्चय आज आपल्यास वाचावयास मिळतो.