पुरःस्थ ग्रंथीकडे जाणाऱ्या वाटा

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, मूत्राशयाच्या तळाशी खोल दडलेली असल्याने तिच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास हा मुख्यतः तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटांचा इतिहास आहे. १९०४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी वृषणकोश व गुदद्वार यांमधील भागात छेद घेऊन ही ग्रंथी समूळ काढली. या वाटेने पोट उघडावेच लागत नसे, आणि ज्यांच्या पोटावर आधी शस्त्रक्रिया झालेली असे त्यांच्यासाठी हा गुण फार मोलाचा होता. कारण जुनी जखम भरताना आतड्याची वेटोळी व्रणतंतूंनी परस्परांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात, आणि ती सोडवताना आतडे फाटण्याचा धोका असतो.

१९४५ मध्ये टेरेन्स मिलिन यांनी ग्रंथीच्या कर्करोगेतर वाढीसाठी जघनास्थीमागची, उदरावरणाबाहेरची वाट रूढ केली. तिच्याच आधारे पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये लिंगोत्थानाच्या नसा राखणारी शस्त्रक्रिया सिद्ध केली. २००० नंतर पसरलेली यंत्रमानवाच्या साहाय्याची पद्धत मात्र बहुधा उदरपोकळीतूनच जाते, त्यामुळे मागे पडलेला चिकटलेल्या आतड्यांचा प्रश्न पुन्हा समोर आला. उलट, अंतर्गळासाठी दुर्बिणीने बसवलेली जाळी नेमकी जघनास्थीमागचीच जागा व्यापते, म्हणून पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली हे काटेकोरपणे जाणणे अत्यावश्यक ठरते. किरणोपचारातही हा भूतकाळ पुसला जात नाही, कारण ओटीपोटात जखडलेले वेटोळे जागचे हलत नाही आणि रोजच्या किरणांचा मारा त्याच ठिकाणी झेलते.