जपानी वस्तरा आणि ग्राहकाचा विवेक

वस्तरा हे आपल्या धर्मकृत्यांतील एक प्राचीन उपकरण होय. ऋग्वेदात 'क्षुर' हा शब्द येतो. चौल व उपनयन या संस्कारांत क्षौरास स्थान आहे. आणि ब्रह्मविद्येचा मार्ग किती बिकट, हे सांगताना कठोपनिषदाने वस्तऱ्याच्या धारेचीच उपमा योजली आहे. बौद्ध भिक्षूने जवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंत भिक्षापात्र आणि सुई यांच्या जोडीला वस्तराही असे. सहाव्या शतकात बौद्ध धर्म चीन-कोरियामार्गे जपानात पोहोचला आणि भिक्षूंच्या मुंडनाबरोबर वस्तऱ्यासही तेथे प्रतिष्ठा लाभली. 'कामिसोरी' या तेथील नावाचा अर्थच केस काढणारा असा आहे.

तो जपान बडोद्यास अगदीच परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1910 साली त्या देशाचा प्रवास केला होता. आज बडोद्याच्या दक्षिणेकडील तरसालीत राहणारा मराठी गृहस्थ घरबसल्या ऑनलाइन बाजारातून जपानचा जुना वस्तरा मागवू शकतो. मात्र प्रवाशाला वस्तू हाती घेऊन पारखता येते. याची सारी भिस्त छायाचित्रावर आणि विक्रेत्याच्या शब्दावर. म्हणूनच वस्तऱ्याचा इतिहास ठाऊक असणे ही केवळ हौस नव्हे, तर आत्मरक्षण आहे, असे आम्हांस वाटते.

जपानी वस्तरे मुख्यत्वे दोन जातींचे. अस्सल कामिसोरीला घडीची मूठ नसते. पाते व दांडा एकसंध असून पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. घडीचा वस्तरा पाश्चात्त्य वळणाचा. 1871 मध्ये मेइजी सरकारने शेंडीवजा केशबंध सोडण्याची मोकळीक दिली; पाश्चात्त्य केशरचना रूढ झाली आणि पुढे तेथील कारागीरही असे वस्तरे घडवू लागले. तेव्हा घडीचा वस्तरा कोणी त्याहून जुना म्हणून विकू लागला, तर संशय घ्यावा. 'व्याप्त जपानात तयार' अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का असेल, तर तो माल परकीय अंमलाच्या, म्हणजे 1952 च्या एप्रिलात संपलेल्या काळातला, निर्यातीसाठी केलेला समजावा.

'तलवारीच्या पोलादाचा' हे वर्णन तर हमखास भुरळ घालते. तसे वस्तरे घडले आहेत हे खरे. परंतु पुष्कळसे आयात केलेल्या स्वीडिश पोलादाचे आहेत, आणि त्यात उणे काहीच नाही. केवळ शब्दाखातर जादा किंमत मात्र मोजू नये.

पात्याच्या दोन्ही बाजूंची, पाठीची आणि धारेची स्पष्ट छायाचित्रे मागवावीत. वरवरचा गंज निघतो. धारेपाशी पडलेले खड्डे व बारीक भेग यांना उपाय नाही. पाठ एकीकडे अधिक झिजली असेल, तर ते पाते कुणी वाईट रीतीने निसले आहे असे समजावे. सेल्युलॉइडची जुनी मूठ कुजू लागली की तिच्या वाफांनी पाते गंजते, तेही पाहावे. निसण्याचा दगड आणि चामड्याचा पट्टा यांचा खर्च किमतीत धरावा.

आता कायद्याविषयी. 1930 च्या मालविक्री अधिनियमाचे 16 वे कलम मालाच्या गुणवत्तेची सर्वसाधारण हमी देत नाही. त्याला मोजके अपवाद आहेत. परंतु 15 व्या कलमान्वये वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनास अनुरूप असलाच पाहिजे. म्हणून वर्णन, छायाचित्रे आणि पत्रव्यवहार जपून ठेवावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ऑनलाइन खरेदीही कक्षेत घेतली असून ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तरसालीकरास बडोद्याबाहेर जाणे नको. उपजीविकेसाठी स्वतः वापरावयास वस्तरा घेणारा नाभिकही ग्राहकच ठरतो. मात्र परदेशातील एखाद्या खाजगी विक्रेत्याकडून निकालाची अंमलबजावणी करवणे कठीण, हे विसरू नये. परतीची अट आधी लेखी घ्यावी, हाच राजमार्ग.

आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सुचवू. आज बहुतेक सलूनांत टाकाऊ पाती आली आहेत. तरी ज्यांच्या धोकटीत एके काळी खरा वस्तरा होता असे वृद्ध नाभिक अजून आहेत. पैसे धाडण्यापूर्वी ती छायाचित्रे त्यांना दाखवावीत, आणि वस्तरा हाती आल्यावर तो निर्जंतुक करून धारही त्यांच्याचकडून लावून घ्यावी.