ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व सर जे. जे. समूह रुग्णालये

मुंबईतील वैद्यकीय शिक्षण, रुग्णसेवा व संशोधन यांचे एक जुने आणि विस्तृत केंद्र. पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या भारतातील आद्य संस्थांत त्याची गणना होते. महाविद्यालय व सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय ही दोन्ही भायखळा येथील सु. ४४ एकरांच्या (सु. १८ हेक्टरांच्या) एकाच आवारात १८४५ मध्ये सुरू झाली. पुढे सेंट जॉर्ज, गोकुळदास तेजपाल आणि कामा व आल्ब्लेस ही रुग्णालये त्यांना जोडली जाऊन ‘समूह’ बनला. संस्था महाराष्ट्र शासनाच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत आहे. महाविद्यालय व रुग्णालय ही दोन स्वतंत्र अंगे नसून एकाच कार्याच्या दोन बाजू आहेत, या तत्त्वावर तिची उभारणी झाली. हे तत्त्व जेव्हा जेव्हा पाळले गेले तेव्हा संस्थेची भरभराट झाली व जेव्हा त्याकडे दुर्लक्ष झाले तेव्हा तिला झीज सोसावी लागली, असे तिच्या इतिहासावरून दिसून येते.

पार्श्वभूमी : मुंबई इलाख्यात एतद्देशीयांना पाश्चात्त्य वैद्यक शिकविण्याचा पहिला प्रयत्न १८२६ मध्ये झाला. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून शिक्षण देणारी एक शाळा त्या वर्षी उघडण्यात आली. परंतु १८३२ मध्ये सरकारने ती बंद केली. कलकत्ता व मद्रास येथे १८३५ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची नवी व्यवस्था सुरू झाल्यावर मुंबईतील उणीव अधिकच जाणवू लागली. सर रॉबर्ट ग्रँट हे १८३५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. चार्ल्स मोरहेड (१८०७–८२) या तरुण सर्जनाकरवी त्यांनी इलाख्यातील वैद्यकव्यवसायाच्या स्थितीची माहिती गोळा करविली व तिच्या आधारे महाविद्यालयाची योजना पुढे मांडली. तथापि ती मान्य होण्यापूर्वीच जुलै १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मारकासाठी मुंबईकरांनी वर्गणी जमविली व तिचा विनियोग या महाविद्यालयाच्या कामी करावा असे ठरले.

याच सुमारास चीनशी चालणाऱ्या व्यापारात, मुख्यतः अफू व कापूस यांच्या निर्यातीत, अमाप संपत्ती मिळविणारे पारशी व्यापारी सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांनी गोरगरिबांच्या रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. ईस्ट इंडिया कंपनीने तितकीच रक्कम आपल्याकडून घालावी, अशी त्यांची अट होती व ती मान्य झाली. रुग्णालयाची कोनशिला जानेवारी १८४३ मध्ये व महाविद्यालयाची त्याच वर्षी मार्चमध्ये बसविण्यात आली. १८४५ च्या मेमध्ये रुग्णालय व नोव्हेंबरमध्ये महाविद्यालय सुरू झाले. अशा रीतीने लोकवर्गणी, खाजगी दान व सरकारी पैसा या तिहींच्या संगमातून संस्था उभी राहिली.

आरंभीची घडण : मोरहेड हे पहिले प्राचार्य होत. जॉन पीट व हर्बर्ट जिरॉड हे त्यांचे सहकारी अनुक्रमे शारीर व शस्त्रवैद्यक आणि रसायन व औषधिविज्ञान हे विषय शिकवीत. केवळ व्याख्यानांवर विसंबून न राहता विद्यार्थ्याने शवविच्छेदन स्वहस्ते करावे, रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून लक्षणांची दैनंदिन नोंद ठेवावी आणि रुग्ण दगावल्यास शवपरीक्षेशी ती ताडून पाहावी, असा मोरहेड यांचा कटाक्ष होता. या नोंदींतूनच हिंदुस्थानातील रोगांवरील त्यांचा ग्रंथ १८५६ मध्ये तयार झाला.

१८५१ मध्ये आठ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन त्यांना ‘ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज’ (जी. जी. एम. सी.) हा किताब मिळाला. त्यांपैकी भाऊ दाजी लाड हे प्राच्यविद्येतील संशोधक व समाजधुरीण म्हणून, तसेच कुष्ठरोगावरील देशी औषधाच्या प्रयोगांसाठी प्रसिद्धीस आले. आत्माराम पांडुरंग (१८२३–९८) हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे पहिले अध्यक्ष झाले, तर मूळचे गोव्याचे जे. सी. लिस्बोआ यांनी वनस्पतिशास्त्रात नाव मिळविले. हिंदू, पारशी व ख्रिस्ती विद्यार्थी एका मेजाभोवती विच्छेदनास बसले, ही गोष्ट त्या काळी सामाजिक दृष्ट्याही लहान नव्हती. १८६० मध्ये महाविद्यालय मुंबई विद्यापीठास संलग्न झाले.

शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असले, तरी रुग्णालयातील साहाय्यक तयार करण्यासाठी १८६१ मध्ये मराठी व पाठोपाठ गुजराती माध्यमाचे वर्ग काढण्यात आले. या वर्गांमुळे मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिण्याची निकड निर्माण झाली. महाविद्यालयातील अध्यापक सखाराम अर्जुन राऊत (१८३९–८५) यांचे मराठी ग्रंथलेखन या संदर्भात उल्लेखनीय आहे. पुण्यास बैरामजी जिजीभाई वैद्यकशाळा निघाल्यावर (१८७८) मराठी वर्गाचे काम तिकडे गेले व मुंबईत इंग्रजी हेच एकमेव माध्यम उरले. मराठी वैद्यकीय परिभाषेच्या वाढीस त्यामुळे मोठी खीळ बसली. स्त्रियांना १८८३ पासून प्रवेश मिळू लागला. जॉर्ज किट्रेज व सोराबजी शापूरजी बंगाली यांनी स्त्रीवैद्यांसाठी उभारलेल्या निधीचे त्यास मोठे साहाय्य झाले. याच चळवळीतून १८८६ मध्ये केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय निघाले.

संशोधन : शारीरविज्ञानावरील ग्रे यांच्या विख्यात ग्रंथाची (१८५८) चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर (१८३१–९७) हे त्याच वर्षी येथे अध्यापक म्हणून आले व पुढे प्राचार्य झाले. कुष्ठरोग, कवकजन्य पादरोग व पुनरावर्ती ज्वर यांवरील त्यांचे काम आजही आधारभूत मानले जाते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील तापाची साथ ही प्लेगची होय, असे निदान याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी आकासियो व्हीगस (१८५६–१९३३) यांनी केले. सरकारच्या निमंत्रणावरून आलेले वॉल्डेमार हाफकिन यांना महाविद्यालयाच्या आवारातील पेटिट प्रयोगशाळेत अपुरी जागा मिळाली. तेथे प्लेगच्या जंतूंची मांसरसात वाढ करून व ते उष्णतेने मारून त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. ही प्रयोगशाळा पुढे १८९९ मध्ये परळ येथे गेली व १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. रुग्णालय, अध्यापन व प्रयोगशाळा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असल्यास काय साधू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. मात्र प्रयोगशाळा परळला गेल्यावर महाविद्यालयाच्या आवारातील संशोधनाचा जोर ओसरत गेला, हेही नमूद करणे प्राप्त आहे.

विसाव्या शतकातील स्थित्यंतरे : दीर्घकाळ येथील प्राध्यापकपदे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकाऱ्यांकडेच जात. या मक्तेदारीविरुद्धचा असंतोष हे १९२६ मध्ये परळ येथे शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय निघण्याचे एक प्रमुख कारण होते. सरकारी सेवेत नसलेल्या भारतीय वैद्यांनाच तेथे नेमावे, अशी दात्यांची अट होती. स्वातंत्र्योत्तर काळात विशेषोपचारांचे अनेक विभाग निघाले, पदव्युत्तर शिक्षण वाढले व मानसेवी वैद्यांची जागा क्रमाने पूर्णवेळ अध्यापकांनी घेतली. १९७० मध्ये वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालय वेगळे झाल्यावर संस्था सार्वजनिक आरोग्य खात्यापासून अलग झाली. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन महाविद्यालयाची संलग्नता मुंबई विद्यापीठाकडून तिकडे गेली.

१९८६ च्या आरंभी घडलेली दुर्घटना संस्थेच्या इतिहासात अत्यंत दुःखद ठरली. मेंदूतील व डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. त्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने दिलेल्या अहवालात औषध-खरेदी, औषध नियंत्रण व रुग्णालयाचे प्रशासन या सर्व पायऱ्यांवरील दोष उघडकीस आणले. वैद्याचे कौशल्य कितीही असले, तरी खरेदीच्या कागदावरील एक सही ते निष्फळ करू शकते, हा या प्रकरणाचा धडा होय. २०१७ मध्ये शासकीय औषध-खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आली. ती व्यवस्थाही पुरेशी न ठरल्याने २०२३ मध्ये कायद्याने स्वतंत्र खरेदी प्राधिकरण निर्माण करावे लागले. एकेकाळी ज्या आवारात लस निर्माण झाली, तेथील रुग्णांना औषधांसाठी बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी घ्यावी लागावी, ही विसंगती अद्याप पूर्णपणे दूर झालेली नाही.

सद्यःस्थिती : जे. जे. रुग्णालयात सु. १,३५० व समूहातील चारही रुग्णालयांत मिळून सु. २,८०० खाटा असून पदवीपूर्व प्रवेशक्षमता वर्षाला २५० विद्यार्थ्यांची आहे. मुंबईबरोबरच महाराष्ट्राच्या दूरच्या जिल्ह्यांतून व परराज्यांतूनही रुग्ण येथे येतात. त्यांतील बहुसंख्य असे असतात, की ज्यांना दुसरे दार उघडे नसते. एप्रिल २००४ मध्ये एचआयव्हीबाधितांना मोफत औषधोपचार देण्यास देशातील ज्या आठ केंद्रांपासून आरंभ झाला, त्यांत जे. जे. रुग्णालय होते. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यातील जखमींवर या समूहात उपचार झाले. कामा रुग्णालयावर तर प्रत्यक्ष हल्ला झाला. २०२० च्या कोविड साथीत सेंट जॉर्ज व गोकुळदास तेजपाल ही रुग्णालये त्या रोगासाठी राखून ठेवण्यात आली.

रुग्णसेवेचा मोठा भार निवासी वैद्य, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, वाहतात. २०२१ मध्ये देशभर पदव्युत्तर प्रवेश लांबल्याने जवळजवळ एक संपूर्ण तुकडी महिनोन्‌महिने उपलब्ध नव्हती आणि उरलेल्यांवर दुहेरी भार पडला. ही घटना साथीच्या काळातील असली, तरी तिने मूळचा दोष दाखवून दिला : शिकणाऱ्याच्या श्रमावर रुग्णालय चालते व त्यामुळे शिकण्यासाठी लागणारा वेळच त्याला उरत नाही. अध्यापकांच्या रिक्त जागा, कंत्राटी नेमणुका व बदल्या यांमुळे एखाद्या विभागात परंपरा रुजणे कठीण होते. १९८४ नंतर राज्यात विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालयांची व त्याबरोबरच खाजगी रुग्णालयांची वाढ झाली. अनुभवी अध्यापक व ऐपतदार रुग्ण हे दोघेही तिकडे वळले.

भवितव्य : आवारात अतिविशेषोपचारांसाठी नवी बहुमजली इमारत उभारण्याचे काम अलीकडच्या काळात हाती घेण्यात आले. २०२४ मध्ये गोकुळदास तेजपाल व कामा रुग्णालयांच्या आधारे पन्नास विद्यार्थ्यांचे एक वेगळे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे शिक्षणाच्या जागा वाढल्या. परंतु तेच रुग्ण, तेच अध्यापक व तोच निधी दोन ठिकाणी विभागला जाणार नाही, याची दक्षता शासनाला घ्यावी लागेल.

इमारत व यंत्रसामग्री यांची गरज निर्विवाद आहे. तथापि १८४५ मध्ये या संस्थेस वेगळेपण लाभले ते वास्तूमुळे नव्हे, तर रुग्णशय्या हीच पाठशाळा मानणाऱ्या पद्धतीमुळे. रुग्णाची नोंद काळजीपूर्वक ठेवली जाणे, तिच्यावरून अध्यापन होणे आणि अध्यापनातून संशोधनाचे प्रश्न पुढे येणे हा क्रम अखंड राहण्यासाठी स्थिर अध्यापकवर्ग, निवासी वैद्यांच्या कामाच्या तासांना मर्यादा, औषधांचा खात्रीचा पुरवठा व प्रशासनास पुरेशी स्वायत्तता यांची आवश्यकता आहे. यांपैकी काही उणे पडले, तर त्याची किंमत प्रथम मोजतो तो पदरी पैसा नसलेला रुग्ण. आणि मूळ दान त्याच्यासाठीच देण्यात आले होते.