६५ मेंढ्यांची पावती: इस्लामचा सुरुवातीचा इतिहास कसा वाचायचा?

प्राथमिक साधन आणि दुय्यम साधन यांतला फरक नेट-सेटची तयारी करताना आपण सगळेच पाठ करतो. पण अभ्यासाला बसल्यावर तो वापरायचा कसा, हे कुणी सांगत नाही. आज एक उदाहरण घेऊन बघू.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "अरबांनी इजिप्त जिंकला आणि तिथली जनता मुसलमान झाली." गाइडनी समासात दोनच प्रश्न लिहिले: "कधी? कशावरून?" या दोन प्रश्नांपायी ते अख्खं प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं.

आपल्याला काय माहीत असतं?

ढोबळ चौकट तुम्हाला ठाऊक आहेच. मुहंमद पैगंबरांचा जन्म मक्केत, इ.स. ५७० च्या सुमारास. साधारण ६१० पासून त्यांनी एकेश्वरवादाचा संदेश द्यायला सुरुवात केली: ईश्वर एकच, निवाड्याचा दिवस येणार, अनाथ-गरिबांचा हक्क बुडवू नका. मक्केत विरोध वाढल्यावर ६२२ मध्ये ते यस्रिबला, म्हणजे मदिनेला गेले. हीच हिजरत. ६३२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर अबू बक्र आणि उमर या खलिफांच्या काळात अरब सैन्य सीरिया, इराक, इराण आणि इजिप्तमध्ये शिरलं.

आता स्वतःला विचारा, हे सगळं आपल्याला कुठून कळलं? पैगंबरांचं सविस्तर चरित्र लिहिणारा इब्न इसहाक साधारण ७६७ मध्ये वारला. त्याचा ग्रंथ आज आपल्याला मुख्यतः इब्न हिशामने संपादित केलेल्या रूपात मिळतो आणि इब्न हिशाम ९ व्या शतकातला. इतिहासकार अल-तबरी वारला ९२३ मध्ये. म्हणजे घटना आणि लेखन यांत शंभर ते तीनशे वर्षांचं अंतर आहे. म्हणून हे ग्रंथ खोटे ठरत नाहीत. त्यांच्यामागे तोंडी परंपरेची मोठी साखळी आहे. पण ते लिहिणाऱ्यांना पुढे काय झालं हे माहीत होतं, हे विसरून चालत नाही.

आता ही पावती बघा

व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन राष्ट्रीय ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे. अभ्यासक त्याला 'पीईआरएफ ५५८' म्हणतात. इजिप्तमधल्या हेराक्लिओपोलिस गावी अब्दुल्ला इब्न जाबिर नावाच्या सरदाराने आपल्या सैन्यासाठी ६५ मेंढ्या घेतल्या, त्याची ही पावती. मजकूर ग्रीक आणि अरबी, दोन्ही भाषांत. काळ एप्रिल ६४३. अरबांनी इजिप्तमध्ये पाऊल ठेवून जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती.

यातून काय काय निघतं? अरबी मजकुराची सुरुवात बिस्मिल्लाने होते, म्हणजे ही प्रथा तेव्हा रुळलेली होती. काही अक्षरांवर नुक्ते आहेत, म्हणजे नुक्ते फार नंतर आले ही समजूत टिकत नाही. मेंढ्या देणारे स्थानिक अधिकारी ख्रिस्तोफोरोस आणि थिओडोराकिओस. नावं ख्रिस्ती. ग्रीक मजकूर लिहिणारा योहान, तोही चर्चमधला डीकन. आणि मेंढ्या लुटलेल्या नाहीत, त्या कराच्या हिशेबात वळत्या केल्या आहेत. थोडक्यात, सत्ता बदलली, पण दफ्तर आणि कारकून जुनेच राहिले.

ग्रीक मजकुरात अरबांना 'मुसलमान' म्हटलेलं नाही. तिथे 'मागारिताई' असा शब्द आहे. तो 'मुहाजिर' म्हणजे हिजरत केलेले या अरबी शब्दावरून आला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. निदान इजिप्शियन कारकुनाला तरी त्यांची ही ओळख आधी कळली होती.

तारखेत फसू नका

अरबी मजकुरात नुसतं 'सन बावीस' आहे, तेही अक्षरी. ६२२ मध्ये २२ मिळवून ६४४ काढलंत तर चुकाल. पहिलं वर्ष जुलै ६२२ ला सुरू होतं, म्हणजे बाविसाव्याआधी २१ च वर्षं पुरी होतात. शिवाय चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. २१ वर्षांत साडेसात महिन्यांचा फरक पडतो आणि हिजरी २२ नोव्हेंबर ६४२ अखेर सुरू होतं. ज्यांनी मोडी कागद वाचलेत त्यांना 'इसन्ने अशरीन' ओळखीचं वाटेल. आपल्या शुहूर सनातही अरबी अंकच अक्षरी लिहायचे. मात्र शुहूर सौरमानाने चालतो, म्हणून तिथे ५९९ किंवा ६०० मिळवून भागतं. हिजरीत नाही.

मग धर्मांतर कधी झालं?

पावती याचं उत्तर देत नाही आणि तिच्याकडून ते वदवून घेऊ नका. तिथे वेगळं साधन लागतं. रिचर्ड बुलिएट यांनी १९७९ च्या पुस्तकात चरित्रकोशांमधल्या वंशावळी तपासल्या. इराणी नावांच्या साखळीत पहिलं मुस्लिम नाव कुठल्या पिढीत येतं ते मोजलं. निष्कर्ष असा की राज्य काही वर्षांत जिंकलं गेलं, पण समाज मुसलमान व्हायला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या. या पद्धतीवर आक्षेपही आहे: कोशात येतात ती शहरी विद्वान घराणी, मग खेड्यातल्या शेतकऱ्याचं काय?

"तलवारीने पसरला की शांततेने?" हा प्रश्न तुम्हाला मुलाखतीत हमखास विचारला जाईल. एका शब्दात उत्तर देऊ नका. राज्यविस्तार लष्करी होता, हे स्पष्ट सांगा. धर्मांतर ही वेगळी आणि संथ प्रक्रिया होती, तेही सांगा. त्यात कर, लग्नसंबंध, नोकरी, श्रद्धा असं बरंच काही होतं आणि प्रदेशागणिक प्रमाण बदलत होतं.

माझं ते वाक्य शेवटी असं झालं: "६४३ मध्ये हेराक्लिओपोलिसचा कारभार अरब सरदाराच्या मागणीनुसार, पण ख्रिस्ती अधिकाऱ्यांच्या हातून चालत होता." आधीच्यापेक्षा लहान दावा आहे, पण "कशावरून?" विचारलं तर कागद दाखवता येतो. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात ठाम वाक्य आज काढा आणि त्याला हेच दोन प्रश्न विचारून बघा.