सोलापुरातले दोन टागोर आणि पाच मार्कांची कविता

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणाला पाच मार्क असतात. मुद्दे आधीच ठरलेले: शीर्षक आणि कवीचं नाव यांना अर्धा-अर्धा, यमकरचनेला एक, अलंकाराला एक आणि मध्यवर्ती कल्पनेला दोन. राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या ‘इंग्लिश कुमारभारती’त पहिलीच कविता रवींद्रनाथ टागोरांची आहे, ‘व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर’. यमकरचनेपुढे लिहायचं, ‘यमक नाही, मुक्तछंद.’ उत्तर बरोबर आहे. एक मार्क मिळतो.

पण मूळ कवितेला यमक आहे. १९०१ च्या ‘नैवेद्य’ या बंगाली संग्रहात ती यमकांनी बांधलेली आहे. रवींद्रनाथांनी स्वतःच तिचं इंग्रजी गद्य केलं आणि १९१२ च्या इंग्रजी ‘गीतांजली’त ती पस्तिसावी आली. म्हणजे भाषांतरात जे गळून पडलं, ते गळून पडलंय एवढं नोंदवण्याचा तो मार्क आहे. आपण भाषांतर वाचतोय, हे मात्र उत्तरात कुठेच येत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. शाळा आणि इंजिनिअरिंग दोन्ही सोलापुरात झालं, नोकरी पुण्यात. माझी मामेबहीण यंदा दहावीला आहे आणि रविवारी फोनवर मी तिचा इंग्रजीचा सराव घेतो. या कवितेचं रसग्रहण तिने एका दमात म्हणून दाखवलं, अलंकारांसकट. मी विचारलं, ‘या कवीचा आणि सोलापूरचा काही संबंध आहे का गं?’ ती म्हणाली, ‘दादा, ते आयएमपी नाहीये.’ तिच्या बाजूने ते खरंच आहे. तरीही तो संबंध सांगण्यासारखा आहे, कारण इंग्रजी साहित्याची परीक्षा आपल्याकडे कशी आली, तिची तयारी कशी व्हायची आणि आज त्यातून काय वगळलं गेलंय, हे त्यात दिसतं.

सुरुवात थोरल्या भावापासून करू. इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या जागा वशिल्याऐवजी स्पर्धापरीक्षेने भरायच्या असं ठरल्यावर मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये तिची योजना आखली. १८५५ मध्ये पहिली परीक्षा लंडनला झाली. एकूण गुण ६८७५. त्यात इंग्रजी निबंध, साहित्य आणि इतिहास मिळून १५०० आणि संस्कृतला ३७५. राज्य हिंदुस्थानावर करायचं, पण जास्त वजन इंग्रजीला. ही परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय म्हणजे सत्येंद्रनाथ टागोर, साल १८६३. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि बहुतेक सगळी नोकरी याच भागात गेली. ते मराठी शिकले आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले.

इकडे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. पुढच्या काळात कारकुनी, वकिली, मास्तरकी अशा सगळ्या वाटा या दारातून जाऊ लागल्या. दार अरुंद असलं की किल्ल्या विकणारे जमतात. गाईड आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच ही आजच्या पिढीची खोड नाही. ज्या परीक्षेवर भाकरी अवलंबून असते, तिच्याभोवती हा बाजार उभा राहतोच. आमच्या धंद्यातही कोड तपासायच्या टेस्ट आधी ठाऊक असतील, तर तेवढ्याच पास होतील असा कोड लिहायचा मोह होतो.

धाकट्या भावाची गोष्ट उलटी. रवींद्रनाथांचं शाळेशी कधी जमलंच नाही. घरी शिकवायला येणाऱ्या ज्ञानचंद्र भट्टाचार्य यांनी शालेय पुस्तकांचा नाद सोडला आणि त्यांना ‘मॅकबेथ’ शिकवायला घेतलं. पद्धत अशी: रोजचा भाग आधी बंगालीत समजावून द्यायचा, मग मुलाला खोलीत कोंडायचं आणि तेवढा भाग बंगाली पद्यात उतरवल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही. रवींद्रनाथांनी हे आपल्या आठवणींत लिहिलंय. असं करत सगळं नाटक बंगालीत झालं. त्यातलं बरंचसं पुढे हरवलं.

१८७८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी सुधारावं म्हणून सत्येंद्रनाथांनी त्यांना मुंबईला डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवलं. तिथे डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी शिकवत असे. आत्माराम म्हणजे मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे धाकटे भाऊ. रवींद्रनाथ पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हेन्री मॉर्ली यांच्याकडे इंग्रजी साहित्य शिकले आणि १८८० मध्ये पदवी न घेताच परतले.

हे दोघे भाऊ १८८९ मध्ये सोलापुरात एकत्र होते. सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते आणि रवींद्रनाथ त्यांच्याकडे मुक्कामाला आले होते. गावात रेल्वे येऊन एकोणतीस वर्षं झाली होती, जुनी गिरणी सुरू होती. या मुक्कामात अठ्ठावीस वर्षांच्या रवींद्रनाथांनी ‘राजा ओ रानी’ हे नाटक लिहिलं. पाच अंकी, पद्यात, शेक्सपिअरच्या वळणाचं. लेखकाचं त्याने समाधान झालं नाही आणि चाळीस वर्षांनी त्यांनी त्याच कथेवरून ‘तपती’ लिहिलं. पण कोंडलेल्या खोलीत ‘मॅकबेथ’शी झटापट केलेल्या मुलाचं हे नाटक आहे, हे त्याच्या घडणीवरून कळतं.

शाळा सोडल्याने माणूस कवी होतो, असा याचा अर्थ काढला तर तो चुकेल. खोलीत कोंडणं ही घोकंपट्टीइतकीच, किंबहुना जास्तच सक्ती होती. सराव दोन्हीकडे होता. फरक एवढाच की त्या सरावात इंग्रजी ओळीला बंगालीतून जावं लागायचं, आणि समजल्याशिवाय ती तिथून जाऊच शकत नव्हती.

आपल्याकडेही त्याच काळात तेच चाललं होतं. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं. आगरकर मॅट्रिक आणि कॉलेजच्या परीक्षांतून गेलेले, न्यू इंग्लिश स्कूलमधले शिक्षक. त्यांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, ते १८८३ मध्ये छापून आलं आणि पुढे गणपतराव जोशींनी तो हॅम्लेट रंगभूमीवर गाजवला. देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा. वर्गातला शेक्सपिअर मराठी नाटकमंडळ्यांच्या तंबूत पोचला, तो परीक्षेतल्या टिपणांमुळे नाही. घराघरांत पोचलेली तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’सुद्धा नावातच सांगते की इंग्रजी शिकायचं ते भाषांतर करत.

आजच्या पाच मार्कांत या कामाला जागा नाही. बाकीच्या भागात थोडं भाषांतर असतं, पण कवितेला ते शिवत नाही. याचा फटका सोलापूरला जास्त बसतो. इथे एकाच बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुलं बसतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांजवळ एक गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे भाषा. पेपर नेमकी तीच विचारत नाही.

पेपर बदलणं माझ्या हातात नाही, आणि मामेबहिणीचे मार्क जाऊ नयेत हेही मला कळतं. म्हणून आम्ही रसग्रहण आहे तसं पाठ ठेवलंय. त्यावर दर रविवारी एका कवितेच्या चार ओळी ती मराठीत सांगते. तिची तेलुगू बोलणारी मैत्रीण घरी आली असेल तर ती तेलुगूत सांगते, आणि मग दोघी एकमेकींच्या शब्दांवर भांडतात. टागोरांच्या कवितेत विवेकाचा प्रवाह निर्जीव सवयींच्या वाळवंटात हरवू नये, असं मागणं आहे. गाईडमध्ये त्याचा अलंकार दिलाय, रूपक. त्या ‘सवयीं’ना मराठीत काय म्हणायचं, यावर दोघींचं वीस मिनिटं चाललं. ‘सवय’ नको, ती चांगलीही असते. ‘रूढी’ फार मोठा शब्द. शेवटी बहिणीने ‘पडलेली वहिवाट’ सुचवलं.

या शब्दाला एकही मार्क नाही. पण तो तिला कुठल्याही गाईडने दिलेला नाही, आणि पेपर झाल्यावरही तो तिच्याजवळ राहील.