सामना कुठे पाहायचा? बायकांचा खेळ आणि चारचौघांची जागा

मंडळी, आज खेळाचा इतिहास बोलायचा आहे. पण खेळणाऱ्यांचा नाही, पाहणाऱ्यांचा.

२३ जुलै २०१७. लॉर्ड्सवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इंग्लंड. मी बुलढाण्यात एका चहाच्या हॉटेलात बसलो होतो. टीव्हीवर जुना सिनेमा चालू. मालकाला म्हटलं, जरा मॅच लावा. तो हसून म्हणाला, "सर, बायायची मॅच कोन पाह्यते?" शेवटी लावली त्याने, पण आवाज बंद ठेवून. आपण नऊ धावांनी हरलो. मला मात्र तो बंद आवाज जास्त लागला.

नंतर वाचलं, अमेरिकेतही असंच घडलं होतं. २०१८ मध्ये पोर्टलंडच्या जेनी न्विन आणि त्यांच्या मैत्रिणी एका बारमध्ये महिला कॉलेज बास्केटबॉलची अंतिम लढत पाहत होत्या. शेवटच्या क्षणी निकाल लागला, आणि टीव्हीचा आवाज बंद! त्यातून १ एप्रिल २०२२ रोजी ‘द स्पोर्ट्स ब्रा’ सुरू झाला. ‘बार’ या इंग्रजी शब्दातली दोन अक्षरं फक्त अदलाबदल केलेली. तिथे पडद्यावर बायकांचेच खेळ. अडचण गिऱ्हाइकांची नव्हती बरं का, दाखवायला पुरेसे सामने मिळवण्याची होती. तरी पहिल्या आठ महिन्यांत उलाढाल साडेनऊ लाख डॉलरच्या आसपास गेली.

आता कोणी म्हणेल, प्रेक्षक नाहीत म्हणून दाखवत नाहीत. मी उलट विचारतो. दाखवलंच नाही तर प्रेक्षक येणार कुठून? हॅना आरेन्ट या विदुषीने १९५८ च्या ग्रंथात मांडलं आहे की जे चारचौघांत दिसतं आणि ऐकू येतं, त्यालाच आपण खरं मानतो. आपल्याकडे चावडी, पार, हॉटेल या चारचौघांच्या जागा. त्या पुरुषांच्या राहिल्या, म्हणून बायकांचा खेळ घडूनही घडला नाही असा झाला.

इतिहास बघा ना. महिलांचा पहिला क्रिकेट विश्वचषक १९७३ चा, पुरुषांच्या आधी दोन वर्षं. त्याच वर्षी महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात झाली, संघ फक्त तीन. महिला क्रिकेट नियामक मंडळाकडे आलं ते थेट २००६ मध्ये. आपल्या बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगडूला जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण जिंकलं. किती जणांनी तो नेम पाहिला?

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री आवाज कोणी बंद केला नाही. पण विश्वचषक रोज नसतो. प्रश्न साध्या मंगळवारच्या साध्या सामन्याचा आहे.

इथे तसा बार चालेल असं मी म्हणत नाही. आपल्याकडे बारच्या पायरीशीही बाई सहज जात नाही. पण वाचनालय आहे, शाळेचा हॉल आहे, महिला मंडळाची खोली आहे. एक टीव्ही, दोन सतरंज्या, चहाची किटली. पुढचा सामना असेल तेव्हा एवढं करून पाहा. आणि हो, आवाज मोठा ठेवा.